०.२ व्होल्टची शिल्लक

ईएसपी३२-डेव्हकिटसी, आवृत्ती चार. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या या बोर्डाचा सर्किट आराखडा कंपनीने सर्वांसाठी खुला ठेवला आहे. पानाचा मोठा भाग वायफाय-ब्लूटूथच्या मॉड्यूलने आणि त्याच्या दोन्ही अंगांच्या एकोणीस-एकोणीस पिनांनी व्यापलेला. पाहणाऱ्याची नजर तिकडेच जाते, कारण करामती सगळ्या तिथे. मला मात्र या पानावर सर्वांत वाचनीय वाटतो तो यूएसबीतून वीज आत घेणारा भाग. त्यात आहे काय? एक कनेक्टर, एक डायोड, एक रेग्युलेटर, चार-दोन कपॅसिटर आणि एक लाल दिवा. बोर्ड विकत घेणारे शंभरातले नव्वद जण तो भाग कधी पाहतही नसतील. केबल लावली, दिवा पेटला, विषय संपला.

शाळेत कवितेचे रसग्रहण लिहायला लावतात तेव्हा आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे खण आखून देतात. आराखड्याला हे खण पडत नाहीत. डायोडची खूण जे करते तेच तिचे म्हणणे. तरीही चांगल्या आराखड्याला एक निवेदक असतो, आणि त्याच्या समोर एक श्रोता असतो. या कोपऱ्यातला श्रोता म्हणजे केबलच्या दुसऱ्या टोकाला असलेला, आखणाऱ्याला कधीच न भेटणारा माणूस. तो कोणती केबल लावेल, कोणता चार्जर आणेल, कधी ओढून काढेल, कशाच्या जोडीला काय जोडेल, यातले काहीच ठाऊक नाही. त्या अज्ञानाला दिलेले उत्तर म्हणून मी हा कोपरा वाचतो.

भाईंदरमध्ये हा अनोळखी माणूस शोधायला लांब जावे लागत नाही. मीरा-भाईंदरच्या सोसायट्यांचे वेळापत्रक पाण्यावर चालते. स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचे आणि एमआयडीसीचे पाणी ठरल्या वेळी, आणि पुष्कळदा न ठरल्या वेळी, जमिनीखालच्या टाकीत येते. तिथून पंपाने गच्चीवर. म्हणून टाकीत किती पाणी आहे ते मोबाइलवर दाखवणारे छोटे यंत्र करावे असे इथल्या हौशी मंडळींना वाटते. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, बोर्ड मिळतो. टाकीच्या झाकणाखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवायचा, प्लास्टिकच्या डबीत बोर्ड ठेवायचा आणि गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीतून मोबाइलच्या जुन्या चार्जरने वीज द्यायची. मी लावून दिलेल्या अशा एका डबीबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येतो : “अहो, तुमचं ते यंत्र सकाळपासून गप्प आहे. वॉचमननं वायर बदलली म्हणे.” कोणती वायर काढली आणि कोणती लावली, हे वॉचमनलाही सांगता येत नाही. त्याचे काही चुकलेले नसते. यूएसबीची प्रतिज्ञाच अशी आहे की हे त्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये.

ही प्रतिज्ञा जानेवारी १९९६ची. यूएसबीची पहिली आवृत्ती तेव्हा आली. ती घडवणाऱ्यांतले ठळक नाव इंटेलचे अजय भट्ट यांचे. ते वडोदऱ्याचे, महाराजा सयाजीराव विद्यापीठातून शिकलेले. आयताकृती प्लग नेमका उलट्या बाजूनेच आधी का लागतो, या जगाच्या तक्रारीवर त्यांनी पुढे उत्तर दिले होते : दोन्ही बाजूंनी लागणारा करायचा तर वायरी आणि खर्च दुप्पट झाला असता. म्हणजे सुरुवातीपासून पैपैचा विचार होता. पण त्याच स्वस्त प्लगमध्ये एक बारीक सौंदर्यस्थळ आहे. जुना आयताकृती प्लग उजेडात धरून आत पाहा. चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन किंचित पुढे आलेल्या आहेत, मधल्या दोन किंचित मागे. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. प्लग आत जाताना आधी वीज आणि जमीन जुळते, मग बोलणे सुरू होते. ओढताना आधी बोलणे तुटते आणि वीज सर्वांत शेवटी. कोणताही सॉफ्टवेअरचा नियम न लिहिता, पत्र्याच्या एवढ्याशा लांबीने क्रम पाळला जातो. माणूस केबल कशीही खुपसणार, हे गृहीत धरून केलेली ही पहिली ओळ.

आता हिशेब. यूएसबीच्या दारात ५ व्होल्ट आहेत. मॉड्यूलला ३.३ हवेत, ३.० ते ३.६ या हद्दीत ते चालते. वरवर पाहता १.७ व्होल्टची चैन दिसते. पण मॉड्यूल वायफायवर जोराने बोलते, म्हणजे ८०२.११बी पद्धतीने पूर्ण ताकदीने प्रक्षेपण करते, तेव्हा ते २४० मिलिअँपिअरच्या आसपास ओढते. निर्मात्याची शिफारस तर पुरवठा ५०० मिलिअँपिअर देऊ शकणारा असावा अशी आहे. हा २४०चा झटका घेऊन दारापासून आतपर्यंत चालत जाऊ.

स्वस्त केबलच्या आतली तांब्याची तार बहुतेक वेळा २८ गेजची असते. तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. मीटरभर केबलमध्ये जायची एक आणि यायची एक, म्हणजे ०.४२. यावर २४० मिलिअँपिअर गेले की ०.१ व्होल्ट वाटेतच संपतो. राहिले ४.९. पुढे डायोड आहे, शॉटकी जातीचा, साध्या सिलिकॉन डायोडपेक्षा कमी घेणारा; तरी ०.३ घेतोच. राहिले ४.६. मग रेग्युलेटर, एएमएस१११७. याचा गुणधर्म असा की आत येणारे व्होल्टेज बाहेर जाणाऱ्यापेक्षा सुमारे १.१ने जास्त असेल तरच तो आपला शब्द पाळतो. पूर्ण भाराचा हा आकडा आहे, पाव अँपिअरला थोडे कमी चालते. पण हिशेब कडकच धरावा. ४.६मधून १.१ वजा केले की ३.५. हवे होते ३.३. शिल्लक ०.२ व्होल्ट.

पाच व्होल्टच्या दारातून आत येऊन आतल्या खोलीत ०.२ची शिल्लक! या कोपऱ्याचा सगळा रस माझ्या मते या शिलकीत आहे. कारण यूएसबीच्या नियमाप्रमाणे संगणकाच्या ताकदवान पोर्टलाही ४.७५ व्होल्टपर्यंत घसरायची मुभा आहे. तेवढी त्याने घेतली की शिल्लक उणे ०.०५ होते आणि रेग्युलेटर ३.२५वर येतो. तरी बोर्ड चालू राहतो, कारण मॉड्यूलची खालची हद्द ३.०ला आहे. म्हणजे तोल मोडण्याआधी खरी जागा पाव व्होल्टची. आखणाऱ्याने इथे उधळपट्टी केलेली नाही आणि कंजूषीही केलेली नाही. माझी कुरकुर एवढीच की रेग्युलेटर शब्द पाळेनासा झाला की तो नुसता वाहक उरतो. आत येणारी प्रत्येक थरथर मग तो आहे तशी पुढे ढकलतो.

आता ही पाव व्होल्टची जागा भाईंदरच्या गच्चीवर न्या. पाव व्होल्ट भागिले पाव अँपिअर, म्हणजे एक ओहम. दारापासून आतपर्यंतच्या वाटेत कुठेही एक ओहम जास्तीचा शिरला की शिल्लक संपली. केबल एक मीटरची तीन मीटरची झाली की तो जवळजवळ शिरलाच. आणि केबल तीच राहिली तरी वसईच्या खाडीचा वारा आहे, मिठागरांचे गाव आहे, जून ते सप्टेंबर हवा ओली आहे. कनेक्टरच्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की वारंवार केबल घातली-काढली की खालचा धातू डोकावू लागतो, आणि खारट ओल त्याला गाठते. नव्या, स्वच्छ कॉन्टॅक्टचा रोध ओहमच्या काही शतांशांत असतो. हिरवट पुटाला एक ओहम व्हायला एखादा पावसाळा पुरतो. मग विचित्र प्रकार दिसतात : बोर्ड चालू होतो, लाल दिवा पेटलेला असतो, मॉड्यूल जागे होते आणि वायफायला जोडायला गेले की मरते. पुन्हा जागे होते, पुन्हा मरते. दिवा या सगळ्या वेळात जळतच असतो, कारण दिव्याला एक मिलिअँपिअरही पुरते. संगणक जोडून पाहिला तर पडद्यावर एकच ओळ येत राहते, ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’. चिपमध्येच एक पहारेकरी बसवलेला आहे. व्होल्टेज सुमारे २.४च्या खाली बुडाले की तो सगळे थांबवून पुन्हा आरंभ करायला लावतो. बिघडलेल्या विजेवर चुकीची गणिते करत राहण्यापेक्षा मरून जागे होणे बरे, असा त्याचा बाणा. नवख्या माणसाला ती ओळ दिसली की तो प्रोग्राम तपासत बसतो. तपासायची असते केबल.

तर डायोड. या कोपऱ्यातली सर्वांत महागडी ओळ तीच, कारण शिलकीच्या दीडपट रक्कम तिने एकटीने खाल्ली आहे. ती खोडली तर शिल्लक ०.२ची ०.५ होईल. कितीतरी स्वस्त नकलांनी ती खोडलीही आहे. मग मूळ आराखड्यात ती का? पुन्हा तोच अनोळखी माणूस. डायोडच्या पलीकडची तार बोर्डाच्या ‘५ व्होल्ट’ लिहिलेल्या पिनेला जाते. पाण्याच्या यंत्रात पंपासाठी रिले बसवला की त्याचा वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा हमखास त्या पिनेला जोडला जातो. तसा तो जोडलेला असतानाच कुणीतरी प्रोग्राम बदलायला लॅपटॉपची केबल खुपसतो. डायोड नसता तर बाहेरच्या पुरवठ्याची वीज उलटी चालत जाऊन लॅपटॉपच्या पोर्टात शिरली असती. लॅपटॉप बंद असला तरी शिरली असती. डायोड असल्यामुळे ते घडत नाही, आणि घडले नाही हे कुणाला कळतही नाही. ०.३ व्होल्ट हे असे न घडणाऱ्या अपघाताचे मोल आहे.

मात्र डायोडचा पहारा एका दिशेचा. बाहेरचा पुरवठा ४.६ व्होल्टचा मरगळलेला असेल आणि यूएसबीचे ५.१ असतील, तर यूएसबीतून त्या पुरवठ्यात वीज वाहील आणि डायोड आनंदाने वाट देईल. म्हणून एस्प्रेसिफच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितले आहे : मायक्रो यूएसबी, ५ व्होल्टची पिन किंवा ३.३ व्होल्टची पिन, या तिघांपैकी एकच वाट एका वेळी वापरा. नाहीतर बोर्ड किंवा पुरवठा जळू शकतो. आराखड्याने अर्धे काम डायोडवर सोपवले आहे आणि उरलेले वाक्यावर. वाक्य कुणी वाचत नाही, हे आखणाऱ्यालाही माहीत असावे. म्हणून जास्त घातक अर्धे त्याने डायोडला दिले.

डायोडऐवजी पी-चॅनेल मॉसफेट बसवला तर हेच काम शतांश व्होल्टमध्ये होते. हुशार मंडळी तसे करतात. पण त्याच्या जोडीला आणखी दोन-तीन भाग लागतात आणि त्याची गेट चुकीची जोडली गेली तर पहारेकरीच दार उघडून बसतो. शॉटकीत चुकायला जागाच नाही. मी माझ्या बोर्डात शॉटकीच ठेवतो.

कपॅसिटरांकडे बहुतेक जण साठवणूक म्हणून पाहतात, आणि तिथेच फसतात. २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २०० मिलिअँपिअरचा भार एकट्याने शंभर मायक्रोसेकंद पेलू लागला तर त्याचे व्होल्टेज ०.९ने कोसळते. ३.३चे २.४. वायफायचे एक पाकीट याहून पुष्कळ लांब चालू शकते. म्हणजे त्या कपॅसिटरकडून पूर्ण झटका पेलण्याची अपेक्षाच नाही. त्याचे काम पहिल्या दहाएक मायक्रोसेकंदांचे, जेवढ्यात रेग्युलेटरला भार वाढल्याची चाहूल लागते. तेवढ्यात घसरण ०.०९, सहन करण्याजोगी. हा कपॅसिटर रेग्युलेटरच्या स्वभावासाठीही आहे. एएमएस१११७ची माहितीपत्रिका बाहेरच्या बाजूला २२ मायक्रोफॅरडचा टँटॅलम मागते, कारण टँटॅलमचा थोडासा अंगभूत रोध त्याच्या आतल्या नियंत्रणाला शांत ठेवतो. आजकाल सगळे सिरॅमिक वापरतात. सिरॅमिकवर ‘२२’ छापलेले असते, पण अंगावर व्होल्टेज चढले की प्रत्यक्षात त्याचे पुष्कळ कमी उरतात. छापलेल्या आकड्यावर विसंबून आणलेला भाग आणि आराखड्यात वाचलेला भाग, यांत हा फरक पडतो.

आत येणाऱ्या बाजूला कपॅसिटर वाढवत नेण्याचा मोहही आवरावा लागतो. यूएसबी २.०च्या नियमाने केबल लावताक्षणी उपकरणाने दहा मायक्रोफॅरडच्या वर भार दाखवायचा नाही. रिकामा कपॅसिटर त्या क्षणी जवळजवळ शॉर्टसर्किटच असतो. मोठा लावला तर पोर्टचे व्होल्टेज क्षणभर खाली बसते आणि त्याच हबवरच्या शेजाऱ्यांना, समजा एखाद्या पेनड्राइव्हला, धक्का बसतो. टाकीवरच्या यंत्रात हजार मायक्रोफॅरडचा गोल डबा सोल्डर करून ‘आता रिसेट होत नाही’ म्हणणाऱ्यांना मी पाहिले आहे. चार्जरवर ते चालून जाते. लॅपटॉपवर ती दांडगाई आहे.

मॉड्यूलच्या ‘एनेबल’ पिनेपाशी एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर आहे. ही जोडी विजेची नाही, वेळेची. एस्प्रेसिफचे सांगणे असे की ३.३ व्होल्ट स्थिर झाल्यावर किमान ५० मायक्रोसेकंद गेल्याशिवाय चिपला जागे करू नये. त्यासाठी दहा किलोओहम आणि एक मायक्रोफॅरड सुचवले आहेत. दोघांचा गुणाकार दहा मिलिसेकंद, म्हणजे मागितल्याच्या दोनशेपट सबुरी. इतर सगळीकडे हात राखून खर्च करणारा आखणारा इथे एवढा उदार होतो, कारण वाट पाहायला पैसे पडत नाहीत. केबल थरथरत्या हाताने लागते, विजेचा पहिला क्षण उड्या मारतच येतो. त्या उड्या संपेपर्यंत मॉड्यूल झोपलेले बरे.

आता ज्याचे कौतुक मला करता येत नाही ते. तोच रेग्युलेटर. तो उरलेले व्होल्टेज उष्णता करून फेकतो : १.३ व्होल्ट गुणिले पाव अँपिअर, म्हणजे सुमारे ०.३३ वॅट, बोटाला चांगलाच जाणवणारा. ते एक वेळ सोडा. पण काहीच काम नसताना तो स्वतःसाठी पाचेक मिलिअँपिअर घेतो. ईएसपी३२ची खरी शान अशी की ते गाढ झोपेत दहा मायक्रोअँपिअरवर जगते. त्या झोपेशेजारी रेग्युलेटर पाचशेपट खात जागा, यूएसबीची चिप जागी आणि लाल दिवा पेटलेला. बॅटरीवर यंत्र चालवणाऱ्याला हा बोर्ड म्हणूनच नाइलाजाने फोडावा लागतो, निदान दिवा उपटावा लागतो. गंमत अशी की पॉवर बँकेवर लावले तर उलटा घोटाळा होतो. पुष्कळ पॉवर बँका भार फार कमी झाला की ‘फोन भरला, कुणी राहिले नाही’ असे समजून बंद होतात. मॉड्यूल झोपते आणि त्याला उठवणारी वीजच निघून जाते. एएमएस१११७ इथे का, याचे उत्तर सोपे आहे : काही रुपयांत मिळतो आणि जगातल्या प्रत्येक बाजारात मिळतो. कारण मान्य. निवड आवडत नाही.

या कोपऱ्यात एक खोटे बोलणेही आहे, आणि ते शोधायला आराखड्याच्या बाहेर जावे लागते. यूएसबी २.०च्या शिष्टाचारानुसार नवे उपकरण ओळख पटेपर्यंत १०० मिलिअँपिअरवर राहते. ओळख देताना ते आपल्याला किती हवे ते सांगते, जास्तीत जास्त ५००. या बोर्डावर संगणकाशी बोलते कोण? मॉड्यूल नव्हे, मधली दुभाषी चिप, सिलिकॉन लॅब्सच्या सीपी२१०२ कुळातली. सीपी२१०२ कारखान्यातून निघतानाच ‘मला १०० पुरेत’ असे सांगायला शिकून येते. तिच्यापुरते ते खरेच आहे. मागे बसलेले मॉड्यूल मात्र न विचारता २४० ओढते. लग्नपत्रिकेवर नाव एकाचे आणि पंगतीला तिघे. यजमानांनी हे खपवून घेतले म्हणून चालले आहे : बहुतेक संगणक १००च्या मर्यादेवर बोट ठेवत नाहीत, ५००च्या पुष्कळ वर गेल्यावरच पोर्ट बंद करतात. चार्जरकडे तर विचारणाराच नसतो. यूएसबीच्या बॅटरी चार्जिंग नियमावलीने त्यासाठी साधी खूण ठरवली, माहितीच्या दोन तारा आतल्या आत जोडलेल्या दिसल्या की समजायचे, हा नुसता चार्जर आहे, यातून दीड अँपिअरपर्यंत घ्यायला हरकत नाही. या बोर्डाने ती खूण वाचायची तसदी घेतलेली नाही. अडले नाही, हे खरे. नेटके नाही, हेही खरे.

ऑगस्ट २०१४मध्ये टाइप-सी आला आणि या मागण्याच्या शिष्टाचाराला नवे रूप मिळाले. जुन्या आयताकृती पोर्टात ५ व्होल्ट कायम उभे असतात. टाइप-सीच्या दारात आधी काहीच नसते. समोर कुणी आहे असे कळेपर्यंत यजमान वीज सोडत नाही. आणि कळते कसे? दोन छोट्या रेझिस्टरांनी. कनेक्टरवर सीसी१ आणि सीसी२ अशा दोन पिना. प्रत्येकीपासून जमिनीला ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर. केबलमध्ये या कामाची तार एकच असते, प्लग ज्या बाजूने लागेल त्याप्रमाणे ती एका पिनेला मिळते. यजमान आपल्या बाजूने त्या तारेला वर खेचून धरतो, आणि किती ताकदीने खेचतो यातून तो आपली ऐपत सांगतो. पाच व्होल्टकडे ५६ किलोओहमने खेचले तर तारेवर सुमारे ०.४ व्होल्ट दिसतात : साधा पुरवठा. २२ किलोओहम, तर ०.९४ : दीड अँपिअर घ्या. १० किलोओहम, तर १.६९ : तीन अँपिअर घ्या. दोन रेझिस्टरांत ओळख, दिशा आणि ऐपत, तिन्ही गोष्टी. मॉड्यूलच्या दोन अॅनालॉग पिनांनी ते व्होल्टेज मोजले तर त्याला यजमानाची कुवत कळू शकते. एका अक्षराचाही संवाद न होता एवढा मजकूर पोचतो, हे मला यूएसबीच्या साऱ्या इतिहासातले सर्वांत सुरेख काम वाटते.

आणि याच ओळीवर भलेभले अडखळले आहेत. जून २०१९मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाने दोन्ही सीसी पिना एकत्र जोडून त्यांना मिळून एकच ५.१ किलोओहमचा रेझिस्टर दिला. एका रेझिस्टरची बचत. साध्या केबलवर ते चालले. पण जाड विजेच्या केबलींच्या प्लगमध्ये ओळख सांगणारी चिप असते, आणि तिचा सुमारे एक किलोओहमचा रोध दुसऱ्या सीसी पिनेवर येतो. दोन्ही पिना जोडलेल्या असल्यामुळे हे दोन रोध समांतर झाले, आठशेच्या पुढचे काही ओहम, आणि तेही दोन्ही पिनांवर सारखेच. यजमान चार्जरच्या शब्दकोशात त्याचा अर्थ ‘हेडफोनचा अॅडॅप्टर’. हेडफोनला वीज कशाला द्यायची? त्याने दिली नाही. लॅपटॉपचा महागडा चार्जर आणि चांगली केबल लावणाऱ्याचाच पाय बंद, आणि स्वस्तातली केबल लावणाऱ्याचा चालू. कंपनीने चूक मान्य केली आणि पुढच्या आवृत्तीत दोन रेझिस्टर दिले.

लॅमिंग्टन रोडवर आता टाइप-सी तोंडाचे ईएसपी३२ बोर्ड सर्रास मिळतात. त्यांतल्या काहींवर ते दोन रेझिस्टर मुळी नसतातच. जुन्या आयताकृती चार्जरपासून येणाऱ्या केबलीवर बोर्ड चालतो, कारण त्या केबलीचा यजमान काही विचारत नाही. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली की बोर्ड मेल्यासारखा. दुकानदार म्हणतो, केबल बदलून बघा साहेब, आणि त्याचे म्हणणे अर्धे बरोबर असते. आपल्या मानक ब्युरोनेही टाइप-सीचे मानक, आयएस/आयईसी ६२६८०-१-३, स्वीकारले आहे आणि युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४पासून मोबाइलसाठी टाइप-सी सक्तीचा केला आहे. त्यामुळे गच्चीवरच्या वॉचमनच्या हाती उद्या पडणारी केबल दोन्हीकडे टाइप-सीचीच असेल. बोर्ड विकत घेताना मी आता भिंग घेऊन कनेक्टरच्या मागे ‘५१२’ छापलेले दोन ठिपके शोधतो. ५१२ म्हणजे ५१वर दोन शून्ये, ५,१०० ओहम. दोन असले तर घेतो. एकच असला तर नाही.

मांडणीबद्दल थोडेच. एस्प्रेसिफच्या बोर्डावर अँटेना एका टोकाला आणि यूएसबी बरोबर दुसऱ्या टोकाला असते. कनेक्टरचे धातूचे कवच आणि त्याला लागणारी मीटरभर तार अँटेनाच्या जवळ आली तर तिचा आवाका खाते, म्हणून ही फारकत. टाकीच्या डबीत बोर्ड बसवताना पुष्कळ जण केबल वळवून अँटेनावरूनच बाहेर काढतात, कारण डबीचे भोक त्या बाजूला सोयीचे पडते. आराखड्याने टाळलेली गोष्ट डबीने पुन्हा घडवून आणली.

त्याच कुळातल्या पुढच्या ईएसपी३२-एस३मध्ये यूएसबी मॉड्यूलच्या आतच आहे. संगणकाशी आता तेच थेट बोलू शकते, मधल्या दुभाष्याची गरज नाही. त्यामुळे ‘मला किती हवे’ हे जो खाणार तोच सांगू शकतो, आणि ५०० लिहायचे की १०० हे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातात येते. एस३साठी लिहिलेले नमुन्याचे प्रोग्राम उघडून मी तो आकडा पाहत असतो. बऱ्याच ठिकाणी तो १००च आहे.